आपण कुठं जाणार?

२ जानेवारी

उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, म्हणतात. आमच्याकडे नवरा अठ्ठावन्नचा, नवरी एक्कावन्नची आणि गुडघे दोघांचेही दुखरे, त्यामुळे बाशिंगाचा प्रश्नच आला नाही. कचेरीत सह्या केल्या, बाहेर येऊन उभ्याउभ्या चहा घेतला, झालं लग्न. माझा भाऊ म्हणाला, "सुटलीस एकदाची." कोण सुटलं ते मला कळलं, पण आजच्या दिवशी म्हटलं जाऊ दे.

दैनंदिनी मी कधी लिहिली नाही. बस स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत जन्म गेला. अमकी गाडी किती वाजता, तमकी कुठं लागते. त्यातलं काय लिहायचं? आता मात्र लिहावंसं वाटतंय. 'हे' हा शब्द मला पहिल्यांदाच कामाला आलाय. तर ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या वर्षी मुलीची गाडी अजून का आली नाही म्हणून विचारायला खिडकीशी आले. मी वेळापत्रक हातभर लांब धरून वाचत होते. गाडीचं राहिलं बाजूला, म्हणाले, "बाई, तुमचा नंबर बदललाय." चष्मा करायला म्हणून गेले ती आज त्यांच्या घरीच येऊन पडले.

दुकान खाली, घर वर. जिना चढून चार खोल्या. दारात ह्यांची मुलगी उभी होती. पंचविशीची, सडपातळ, आई लहानपणी गेलेली. दुकान तीच सांभाळते.

"आपण बसा," म्हणाली. "पाणी आणते."

आपण! दुकानात गिऱ्हाईक आलं की ती ह्याच आवाजात बोलते. आपण बसा, आपण हनुवटी इथं टेकवा, आपण वरची ओळ वाचा. मला वाटलं आता नंबर काढते माझा. बसले आपली गुपचूप.

९ जानेवारी

मुलीला मी मनातल्या मनात मुनी म्हणते. दिवसाकाठी बोलते मोजकंच. मला हाक मारायला तर तिच्याकडे शब्दच नाही. "चहा झालाय," असं ओट्याला सांगते. ज्याला प्यायचा असेल त्यानं ओळखावं.

खिडकीत बसून मी एक शिकले. माणूस काय विचारतो ह्यावरून त्याला काय हवंय ते कळत नाही, कसं विचारतो त्यावरून कळतं. 'शेवटची गाडी किती वाजता?' असं हळूच विचारणाऱ्याला जायचं नसतं. 'पहिली गाडी किती वाजता?' असं ओरडून विचारणारा हमखास दुसरीला येतो. आणखी एक शिकले ते माझ्या आधीच्या बाईंकडून. खिडकीत बसलेल्यानं 'माहीत नाही' म्हणायचं नाही. म्हणायचं, "पाच नंबरला विचारा." पाच नंबरला कुणी बसत नाही, पण माणूस आशेनं जातो तरी. अर्ध्या वाक्यात मी माणूस ओळखते अशी माझी ख्याती आहे. ख्याती म्हणजे मीच सांगते, पण अजून कुणी खोडलेलं नाही.

तर मुनीचं अर्धं वाक्य मला रोज मिळतं. "आम्ही दूध सकाळीच घेतो." "आम्ही मीठ कमी घालतो." "आम्ही रात्री खिडकी उघडी ठेवतो." आम्ही म्हणजे ती आणि तिचे बाबा. आपल्या भाषेनं काय सोय करून ठेवलीये बघा. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की समोरचा आत. एक शब्द बदलला की माणसाला घर मिळतं किंवा जातं. आणि मुनीकडे 'आपण' नाही असं नाही. आहे, पण तो गिऱ्हाइकांचा, मान देऊन चार हात लांब बसवणारा. घरातला 'आपण' तिनं अजून फडताळातून काढलेला नाही.

२१ जानेवारी

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, हसतील. हसलेच.

"मग तूच म्हण ना आधी. 'चल गं, आपण बाजारात जाऊ.' जीभ झिजते का?"

"खिडकी आधी बोलत नाही," मी म्हटलं. "माणूस विचारतो, मग खिडकी सांगते."

"आणि ही माझी लेक, गिऱ्हाइकानं तोंड उघडेपर्यंत तीही बोलत नाही." हसता हसता त्यांना ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. पाणी प्यायले, मग म्हणाले, "दोघी एका साच्यातल्या. मध्ये काच धरून बसल्यात. जन्मभर काचा कापल्या मी, पण ही माझ्यानं कापवत नाही."

मी का आधी म्हणू? मी पाहुणी. यजमानानं या म्हणायचं असतं. आणि समजा मी म्हटलं 'आपण', आणि तिनं नुसतं बघितलं, तर? तर मग मी काय करू? आपलं वय काय, आपण घाबरतोय कुणाला, असं मनाशी म्हणत झोपले.

१२ फेब्रुवारी

ह्यांना माणसांची भारी आवड. जिना चढताना मधल्या वळणावर हटकून थांबतात, कठडा धरून खालच्या शिंप्याशी गप्पा मारतात. शिंपी नसला तर विजेच्या मीटरकडे बघत उभे राहतात. रात्री तीन उशा लागतात, वाचायला बरं पडतं म्हणे. पुस्तक मात्र उशाखालीच असतं.

न्हाणीतला आरसा काल एकदम खाली आला, बरोबर माझ्या तोंडासमोर. इतके दिवस टाचा उंचावून केस विंचरत होते. खिळा सैल झाला असणार. जुन्या घरांचं असंच असतं.

चष्मा मात्र ह्यांनी दिला तो दणकट. जुना आठवड्याला ढिला व्हायचा, नाकावरून घसरायचा. हा जसाच्या तसा आहे. सकाळी लावावा तर काचासुद्धा लख्ख. जेवताना मी म्हटलं, "काय हात आहे हो तुमचा! एक स्क्रू हलला नाही." हे मुनीकडे बघून मिश्कील हसले. ती ताट उचलून आत गेली. बापाचं कौतुकसुद्धा दुसऱ्यानं केलेलं खपत नाही. मत्सर म्हणतात तो हाच.

५ मार्च

आज तोंडातोंडी झाली.

कामावर निघाले, खाली आल्यावर आठवलं, डबा वरच राहिला. हे दुकानाचं दार उघडत होते. म्हटलं, "अहो, जरा डबा आणता का?" हे निघाले. तेवढ्यात मुनी आतून आली ती तरातरा.

"बाबांना वर-खाली करायला लावायचं नाही. आम्ही लावत नाही."

"अगं, एक डबा तर आणायचाय. तुझे बाबा माझे कुणी लागत नाहीत का?"

ती बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी काही सांगितलं नाहीये का?"

"काय सांगायचंय?"

"काही नाही," म्हणाली आणि स्वतः धावत वर गेली. डबा आणून हातात दिला तो कापडात नीट गुंडाळून. तणतण वेगळी आणि टापटीप वेगळी, एवढं मी मान्य करते.

माणूस घासातला घास काढून देतो, पण बसमधली खिडकीजवळची जागा देत नाही. रोज बघते मी. मुनीचा बाप ही तिची खिडकीजवळची जागा. मी समजू शकते. समजलं म्हणून दुखायचं काही थांबत नाही.

३ एप्रिल

हे दवाखान्यात आहेत. काल संध्याकाळी जिन्यातच बसले, उठवेना.

हृदय. बरीच वर्षं होतं म्हणे. डॉक्टर मला सगळं ठाऊक असल्यासारखे बोलत होते आणि मी मान हलवत होते, कारण बायकोला ठाऊक नाही हे सांगायची लाज वाटली. जिन्यात गप्पा मारत नव्हते ते. श्वास गोळा करत होते. आणि मी इकडे ह्यांना माणसांची आवड म्हणून लिहून ठेवलंय! पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

जरा सावध झाले तेव्हा विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"खिडकीनं नाही म्हटलं असतं तर?"

असल्या वेळी थट्टा! मला रडू आलं नि हसू आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतो. ह्यांनी डोळे मिटून घेतले ते त्यासाठीच, म्हणाले.

ह्यांच्या बहीण, म्हणजे वन्सं, आल्यात. मी आणि मुनी बाकावर होतो. वन्सं चहा आणायला गेलेल्या. तेवढ्यात परिचारिका आली तर मुनी तिला म्हणाली, "आम्ही दोघी इथंच आहोत. काहीही लागलं तर हाक मारा." आत्या जागेवर नसतानासुद्धा तिनं आत्याला धरलं. रक्ताचं नातं ते. मी शेजारी बसलेली असून नसल्यासारखी. तिची शाल माझ्या पायांवर होती खरी, पण बाकावर दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

९ एप्रिल

हे गेले. सकाळी.

मुनीनं त्यांचा चष्मा पुसला, दांड्या मिटल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. रडली नाही. मला तिच्याजवळ जायचं होतं. गेले नाही. ती तिच्या बापापाशी होती.

एवढ्या उशिरा दिलंस ते इतक्या लवकर का नेलंस, असं कुणाला तरी विचारायचंय. कुठल्या खिडकीशी विचारायचं ते कळत नाही.

२१ एप्रिल

दुकान बंदच आहे. घरात मी, मुनी आणि वन्सं.

मुनी आता 'आम्ही' म्हणत नाही. एकटीचा 'आम्ही' होत नाही. "दूध घ्यायचंय." "दार लावायचंय." वाक्यातला माणूसच नाहीसा झालाय. ओट्यापाशी चार कप काढते, मग एक परत ठेवते. मी बघितलं न बघितल्यासारखं करते. वन्सं झोपल्यावर आतल्या खोलीत ह्यांच्या तीन उशा तशाच रचून ठेवलेल्या बघितल्या. माझ्यानं त्या काढवत नाहीत. तिच्यानंही काढवल्या नसाव्यात.

सकाळी वन्संनी विषय काढला. घर त्यांच्या वडिलांचं, त्यात दोघा भावंडांचा वाटा. विकावं म्हणतात. मुनीला घेऊन जाणार.

"आणि तुमचं कसं," मला म्हणाल्या, "तीन महिन्यांचा संसार. आज इथं, उद्या तिथं. वाईट वाटून घेऊ नका हं."

वाईट वाटून घेऊ नका म्हणणारा माणूस आधी पानात वाईट वाढतो, मग म्हणतो घेऊ नका. मी म्हटलं, मला काही नको. माझाही हक्क लागतो असं खालचा शिंपी दोनदा सांगून गेला. पण हक्क सांगायला आधी 'आम्ही' म्हणता यायला हवं. "पोरीनं हो म्हटलं की झालं," वन्सं म्हणाल्या. पोरगी कप गोळा करून आत गेली.

दुपारी मुनी बंद दुकानात खाली बसून काचा पुसत होती. मागच्या दारानं मी गेले आणि पायरीवर बसले. मग मान वर न करता ती म्हणाली, "आपण कुठं जाणार?"

पहिल्या दिवशीचा शब्द! आपण बसा, आपण वरची ओळ वाचा, आपण कुठं जाणार. गिऱ्हाइकाला शेवटी दार दाखवावंच लागतं. तिनं निदान मान देऊन दाखवलं.

"भावाकडे," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "ठरलं?"

"ठरल्यासारखंच."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये सुटका होती. असलं 'बरं' मी रोज ऐकते, गाडी रद्द झाली म्हटल्यावर ज्यांना मुळात जायचंच नसतं ते असं म्हणतात. तिच्या हातातली काच मात्र निसटून फुटली. आवाज ऐकून शिंपी डोकावला. म्हणाला, हिच्या हातून काच फुटलेली आजवर बघितली नाही. घाईत असेल. मी निघण्याची घाई.

२४ एप्रिल

भावाकडे आले.

माझी पेटी मुनीनं थांब्यापर्यंत आणली. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. गाडी आली तशी मी सवयीनं म्हटलं, "येते."

तिनं झटकन वर बघितलं. "कधी?"

"अगं, म्हणायची पद्धत असते," मी म्हटलं.

"हो," म्हणाली. "असते."

गाडी वळेपर्यंत ती तिथंच उभी होती. मी खरंच गेले ना, ह्याची खात्री करून घेत असावी. मी तोंड फिरवून बसले, कारण मला रडू आवरेना आणि शेजारच्या बाईला उगाच विचारपूस करायला निमित्त मिळालं असतं. तरी तिनं विचारलंच. म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय.

१० मे

भाऊ चांगला आहे. वहिनीही चांगली आहे. चांगल्या माणसांच्या घरात राहणं फार अवघड, भांडायलासुद्धा सवड देत नाहीत. भांडी घासायला गेले की वहिनी म्हणते, "तुम्ही बसा हो वन्सं, आम्ही करतो." घ्या. आणखी एक 'आम्ही'. आता मीही कुणाची तरी वन्सं, पण मी कुणाला घराबाहेर काढत नाही, मीच कपाटाच्या आडोशाला खाट टाकून झोपते.

चष्मा घसरायला लागलाय. आठवड्यातच ढिला झाला. इथली हवा दमट असावी. रोज कापसानं काचा पुसते, पण तशा लख्ख होत नाहीत. ह्यांचा हात लागल्यासारखं वाटायचं ते आता काही वाटत नाही. काल खिडकीत एका म्हाताऱ्या बाईंना चुकीची गाडी सांगितली. आजवर असं झालं नव्हतं. त्या परत आल्या, रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "बाई, झोप होत नाही का तुमची?" तेवढ्यावरून मी दिवसभर रडायच्या बेतात होते.

मुनी काय करत असेल? एकटी दूध सकाळीच घेत असेल का?

१७ मे

काखेत कळसा नि गावाला वळसा. लहानपणापासून ऐकत आले. काखेतला कळसा दिसत नाही तो कसा, ते आज कळलं.

दुपारी रांग मोठी होती. एका हातानं चष्मा धरून दुसऱ्या हातानं मी वेळापत्रक उलटत होते. मान खाली घालूनच म्हटलं, "बोला."

"चष्मा द्या इकडे."

मुनी. काचेखालच्या फटीतून तिचा हात आत आला होता. मी मुकाट्यानं चष्मा काढून दिला. चष्म्याशिवाय मला काचेपलीकडची माणसं म्हणजे नुसते रंग. तिनं पर्समधून इवलासा पेचकस काढला असावा, एवढं अंदाजानं कळलं.

"ह्याच्या एका बाजूच्या स्क्रूची आटी गेलेली आहे," ती म्हणाली. "रोज पिळावा लागतो. बाबांना म्हटलं होतं, दुसरी फ्रेम द्या. तर म्हणाले, राहू दे, तेवढंच तुला तिचं काही करायला मिळेल."

"रोज?"

"सकाळी. तुम्ही अंघोळीला जायचात तेव्हा."

मागचा माणूस ओरडला, "अहो, चष्मेबिष्मे घरी करा! माझी गाडी सुटतीये!"

"पाच नंबरला विचारा," मी म्हटलं.

मुनी म्हणाली, "आत्याला हो म्हटलं मी. घर गेलं. महिनाअखेर रिकामं करायचंय."

"का गं? तुझं घर होतं ते. तुझ्या बाबांचं."

"एकटीला चार खोल्या कशाला?" पेचकसाची कुरकुर थांबली. "मी विचारलं होतं ना. आपण कुठं जाणार म्हणून. तुम्ही म्हणालात, भावाकडे. मला वाटलं, तिथं माझी सोय होणार नसेल."

किती वर्षं ऐकतेय मी माणसांचे प्रश्न! आणि हा एक प्रश्न, माझ्या नावाचा, त्याला मी भलतीच गाडी सांगून मोकळी झाले. घर गेलं. ह्यांच्या तीन उशा, जिन्यातलं ते वळण, माझ्या उंचीचा आरसा, सगळं गेलं. तो आरसा खिळा सैल होऊन खाली आला नव्हता, हेही मला तिथंच बसल्याबसल्या कळलं.

"मला वाटलं," मी म्हटलं, "तो दुकानातला 'आपण' होता. गिऱ्हाइकाचा."

"दुकान तर बंद होतं," मुनी म्हणाली.

आणि मग ती रडायला लागली. दवाखान्यात रडली नाही, घरी रडली नाही, ती इथं, चौकशीच्या खिडकीशी, हातात माझा चष्मा धरून, मागं रांग खोळंबलेली असताना.

"आत्याकडे मी जाणार नाही," ती म्हणाली. "आता सांगा. आपण कुठं जाणार?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

खिडकीत बसून हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. पाटी उलटी केली, खिडकी लावली आणि बाहेर आले. तिनं पुसलेला चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. तिचा चेहरा दिसला. ह्यांचंच नाक आहे तिचं, आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती. उत्तर हवं होतं तिला, आणि माझ्याकडे ना घर, ना खोली, ना कुठली गाडी.

"चल," मी म्हटलं, "आधी आपण चहा घेऊ."